पॅनियरपंत

पुण्यातल्या कुठल्याही बऱ्यापैकी सोसायटीत एक तरी पॅनियरपंत असतात. नसले, तर दुसऱ्या मजल्यावरचं कोणीतरी होण्याच्या बेतात असतं. वय चाळीस ते बावन्न. नोकरी हिंजवडीत किंवा खराडीत. हुद्दा असा, की स्वतः काही करावं लागत नाही, पण रजा मात्र मागावी लागते. घराचे हप्ते उतरणीला लागलेले असतात आणि रक्तातली साखर चढणीला. या वयात पुरुषाला एक तर अध्यात्म सापडतं, नाहीतर हिमालय. पूर्वी दोन्ही एकाच तिकिटात व्हायचं. पंतांनी नुसता हिमालय घेतला; तोही चेन्नईत बनणारा, इंजिन आणि साइड स्टँडसकट.

मोटरसायकल ही मात्र निव्वळ प्रस्तावना. पंतांचा ग्रंथ मागच्या चाकापासून पुढे सुरू होतो. दोन बाजूंना दोन आणि सीटच्या मागे एक, अशा तीन कडक पेट्या. बाजूच्या त्या पॅनियर, मागची ती टॉप बॉक्स. तिला चुकून डिकी म्हणालात, तर पंत ऐकलंच नाही असं दाखवतात. डिकी बजाजच्या स्कूटरला असायची. तीत एक पाना, एक मळकं फडकं आणि एक जुना प्लग नांदत असे. ही 'लगेज सिस्टिम' आहे.

सिस्टिमचा इतिहास पंत लिफ्टमध्ये सांगतात, कारण तिथून श्रोत्याला पळता येत नाही. इटलीत जुझेप्पे विसेन्झी नावाचा एक रेसर होता. १९६९ साली ३५० सीसीच्या जागतिक अजिंक्यपदात तिसरा आलेला. शर्यती सुटल्यावर १९७८ साली त्यानं ब्रेशाकडे स्वतःच्या आद्याक्षरांची कंपनी काढली, गिव्ही. पुढे या कंपनीनं पेटी उघडणं आणि पेटी गाडीवरून उतरवणं ही दोन्ही कामं एकाच किल्लीत बसवली. "एकाच किल्लीत!" असं म्हणून पंत तर्जनी वर करतात, तेव्हा त्यांचा सातवा मजला येऊन गेलेला असतो. मग दार हातानं अडवून ते तात्पर्य सांगतात, "म्हणजे बघा, अर्धं आयुष्य वेगात गेलेल्या माणसाला शेवटी काय सुचलं? सामान!"

पेटी पत्र्याची घ्यावी की प्लास्टिकची, या प्रश्नावर एक अख्खा पावसाळा जातो. प्लास्टिकची हलकी असते, आपटली तर थोडी दबून पुन्हा जागेवर येते. पण तडकली तर संपली. अ‍ॅल्युमिनियमची जड असते, पण पोचा आला तर ठोकून सरळ करता येते. "स्पितीत पडलो, तर तिथल्या दगडानं ठोकून पुढे निघता येतं," हे पंतांचं निर्णायक वाक्य. स्पितीत पडायची इतकी जय्यत तयारी असलेला हा गृहस्थ अजून चांदणी चौकाच्या पलीकडे गेलेला नसतो. अ‍ॅल्युमिनियम घासून पांढऱ्या शर्टाला करडे डाग पडतात, ही गोष्ट वहिनींना नंतर कळते. पंतांना ती आधीपासून ठाऊक असते.

पेट्या येतात आणि मग उगवतो तो बसवण्याचा रविवार. नाना पेठेतला मेकॅनिक तासाभरात बसवून देतो म्हणालेला असतो. पंतांनी नकार दिलेला असतो, कारण तो पाना अंदाजानं आवळतो. सकाळी आठला पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली जाते. तिच्यावर अ‍ॅलन की, रिंग पाने, वॉशर, नायलॉनच्या नटांची पुडी आणि टॉर्क रेंच मांडून ठेवतात. टेल्कोतून निवृत्त झालेले एक काका खुर्ची टाकून बसतात. खाली खेळायला आलेली पोरं खेळ सोडून कोंडाळं करतात. पंत त्यांना सिस्टिम समजावून सांगतात. आधी चौकट, ती प्रत्येक गाडीची निराळी. मग प्लेट. मग पेटी. चौकट बोल्टांनी कायमची, पेटी कुलपावर तात्पुरती. "कायमचं आणि तात्पुरतं यातला फरक समजला, की माणूस सुटला," असं पंत म्हणतात. काका म्हणतात, "तो दहाचा पाना इकडे दे."

मग सीट निघते. मागची धरायची दांडी निघते. इंडिकेटर वायरींवर लोंबकळू लागतात. चौकटीचे सगळे बोल्ट आधी दोन-दोन आटे हातानंच धरवायचे आणि सगळे लागले की मगच फिरून फिरून आवळायचे, हा या कामाचा मूलमंत्र. एक जरी आधीच आवळला, तर शेवटच्या भोकाचं आणि बोल्टचं तोंड जुळत नाही. पंतांना हा मंत्र पाठ असतो. पण सायलेन्सरच्या बाजूचा पहिला बोल्ट इतका झकास बसतो, की त्यांना राहवत नाही. पुढचा तास ते पोटावर आडवे आणि काका रबरी हातोडी घेऊन उभे. भोक अखेर दिसतं. "आत्ता धरला!" असा खालून आवाज येतो आणि पोरं टाळ्या वाजवतात.

बोल्ट कंपनांनी सुटू नये म्हणून आट्यांना लॉकटाइट लावायचं असतं. निळं आणि लाल. निळं लावलेला बोल्ट साध्या पान्यानं पुन्हा सुटतो. लाल लावलेला सोडवायचा, तर अडीचशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. पंत निळं लावतात, टॉर्क रेंच 'कट्' वाजेपर्यंत फिरवतात आणि त्या आवाजाकडे समाधानानं पाहतात. शेवटी चादरीवर एक बोल्ट आणि दोन वॉशर उरतात. कुठले, ते कोणालाच सांगता येत नाही. त्यावरचा उपाय म्हणून पंत त्याच रात्री, वर कोणी जागं नसताना, एका बोल्टला लाल लावून येतात.

सोमवारपासून प्रात्यक्षिकं सुरू होतात. किल्ली घाला, फिरवा, खटका दाबा, उचला. पेटी हातात! पुन्हा ठेवा, ढकला, खट्ट. पेटी गाडीवर! हे दुधवाल्याला, कुरिअरवाल्याला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला दाखवून झालं आहे. आता प्रत्यक्षात पेटी किती वेळा काढली जाते? एकदाही नाही. काढली तर नुसती काळी चौकट उरते, गाडी उघडीबोडकी दिसते आणि वॉचमन त्या चौकटीवर फडकी वाळत घालतो. काढता येते म्हणून पंतांनी ती घेतली, काढता येते हे रोज सांगितलं आणि काढता येते या भरवशावर ती बारा महिने तिथेच ठेवली.

रिकामी पेटी घेऊन हिंडणं पंतांच्या प्रकृतीत बसत नाही. म्हणून ती भरली जाते. रेनकोट. रेनकोटवरून घालायचा रेनकोट. पंक्चर किट, हवेचा छोटा पंप, चेनला मारायचा स्प्रे, क्लचची जादा केबल, जादा लिव्हर. ओआरएसची पाकिटं. थर्मास. भाकरवडी, दाण्याची चटणी, मेतकूट. "लडाखला मेतकूट मिळत नाही," असं पंत बजावतात, आणि ते खोटं नाही. टॉप बॉक्सच्या झाकणाआड छापलेलं असतं: जास्तीत जास्त १० किलो आणि ताशी १२०च्या वर जाऊ नये. मागच्या चाकाच्याही मागे वजन लोंबलं, की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल डुलू लागतं, म्हणून ही ताकीद. वेगाची अट पंत काटेकोर पाळतात. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे आणि पौड रस्त्यावर ४० गाठायच्या आत सिग्नल येतो. दहा किलोंचं मात्र जमत नाही. मेतकूट धरून बारा भरतं. या पेटीत दोन हेल्मेट मावतात, असंही पत्रकात म्हटलेलं असतं. हेल्मेटसक्तीला पिढ्यान्‌पिढ्या विरोध केलेल्या शहरात हेल्मेटला अखेर प्रतिष्ठेची जागा मिळाली, ती ही.

वहिनींचं म्हणणं एवढंच असतं, "क्लचच्या केबलला गादी आहे, माझ्या दोन साड्यांना जागा नाही."

हे खूळ नवं दिसतं, पण आहे रक्तातलं. पंतांचे वडील रेल्वेनं निघायचे, तेव्हा सोबत होल्डॉल आणि पत्र्याची ट्रंक असे. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव-गाव आणि बर्थखाली साखळी-कुलूप. रात्रभर त्यांचा एक हात खाली लोंबकळत ट्रंक चाचपत असे. मुलाच्या पेटीवर नावाऐवजी रक्तगट आहे आणि शेजारी खारदुंगलाचा स्टिकर आहे, १८,३८० फुटांचा. तिथल्या फलकावर तोच आकडा वर्षानुवर्षं होता. मोजणीत खिंड १७,५८२ फुटांची भरते, हे कोणी निदर्शनाला आणलं तर पंत म्हणतात, "सामान धरून तेवढी होते." स्टिकर विकत आणलेला आहे, ही गोष्ट वेगळी. नोकरी, हप्ते आणि सोसायटीच्या मीटिंगा यांच्या चौकटीतून सुटायला पंतांनी मोटरसायकल घेतली आणि तिला पहिलं काय बसवलं, तर चौकट.

शहरात या पेट्यांचा खरा कस लागतो. पुण्यात दुचाकी चालवण्याचा एकच सर्वमान्य नियम आहे: हँडल घुसलं की गाडी घुसते. पॅनियर हा नियम मोडतात, कारण मागचा पसारा हँडलहून रुंद, चांगला मीटरभर. पंतांचं पुढचं अर्धं अंग सिग्नलपाशी पोहोचलेलं असतं आणि मागचं अर्धं एका रिक्षाशी बोलत असतं. गाडीवर चढणंही सोपं राहिलेलं नाही. मागून पाय टाकावा, तर टॉप बॉक्स आडवी येते. म्हणून पंत गुडघा छातीशी घेऊन सीटवरून पाय पलीकडे सरकवतात. पलीकडे पाय पोहोचला, की आसपासचे लोक सुटकेचा श्वास सोडतात.

अखेर एका रविवारी स्वारी निघाली. लडाखला नव्हे, ताम्हिणीला. पण लडाखच्या तयारीनं. पौडच्या पुढे टपरीवर पंत चहाला थांबले, तोच मागून एक जुनी मोटरसायकल येऊन उभी राहिली. दोन्ही बाजूंना चाळीस लिटरचे दुधाचे कॅन, वेल्डरकडून वाकवून घेतलेल्या आकड्यांना अडकवलेले. गवळीबुवांनी पंतांच्या पेट्यांना एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं,

"किती लिटरच्या वो?"

पेट्यांचं माप लिटरातच सांगतात, त्यामुळे पंत खुलले. "सायलेन्सरच्या बाजूची ३७ आणि पलीकडची ४५."

"एक ल्हान एक मोठी? मंग गाडी वडत नाय का एका अंगाला?"

"भरताना वजन सारखं करावं लागतं."

"आन् ह्यो चाळिसाचा क्यान बसंल का आत?"

"अहो, दुधासाठी नाहीयेत त्या."

"मंग काय नेता?"

पंतांनी झाकण उघडलं. गवळीबुवांनी रेनकोट पाहिला, दुसरा रेनकोट पाहिला, मेतकूट पाहिलं. मग कुलपाकडे बोट करून मनापासून विचारलं, "ह्याला कुलूप कशापायी?" त्यांनी चहा संपवला, कॅन न चाचपता किक मारली आणि पुढच्या वळणावर दिसेनासे झाले. पंत घाटाच्या पायथ्यापर्यंत त्यांना गाठायचा प्रयत्न करत होते.

त्या दिवसानंतर पंत बदलले. सामान म्हणजे दुसरं काही नसून भीती आहे, जितकी भीती तितके लिटर, असं ते लिफ्टमध्ये सांगू लागले. आता एक पाठीवरची सॅक आणि दात घासायचा ब्रश, बास. पेट्यांची जाहिरात दिली आणि संध्याकाळी कोथरूडचा एक तरुण येऊन त्या घेऊनही गेला. किल्ली, खटका, खट्ट. तिन्ही पेट्या आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या अर्थानं उतरल्या. चौकट तेवढी राहिली. पुढच्या रविवारी चादर अंथरली गेली, काका खुर्ची घेऊन आले. एकेक करून सगळे बोल्ट शहाण्यासारखे सुटले, एक सोडून. पाना लांब घेतला, पान्याला पाइप लावला, काकांनी टेल्कोतली सगळी हयात पणाला लावली. शेवटी बोल्टचं डोकं गोल झालं आणि बोल्ट होता तिथेच राहिला. नाना पेठेतून मेकॅनिक आला. त्यानं रंग ओळखला, हसला आणि बर्नर पेटवला. पंतांनी आधी ज्योतीकडे पाहिलं, मग पेट्रोलच्या टाकीकडे, आणि म्हणाले, "राहू दे."

महिनाभर वॉचमनची फडकी त्या चौकटीवर वाळत होती. मग एक दिवस पार्किंगमध्ये पुन्हा दोन मोठे खोके दिसले आणि शेजारी पंत, कात्री घेऊन.

"काय पंत, भीती परत आली?"

"भीती नाही हो. चौकट काही निघत नाही, मग रिकामी कशाला ठेवायची?"

"याही सदतीस-पंचेचाळीसच का?"

"छे," पंत टेप कापत म्हणाले, "या वेळी दोन्हीकडे पंचेचाळीस. चाळिसाचा कॅन बसायला हरकत नाही."