माफी नको, निकाल द्या

न केलेल्या गुन्ह्यासाठी पकडलं जाणं आपल्याकडे नवं नाही. पण न केलेल्या गुन्ह्याबद्दल मोठ्या मनाने माफ केलं जाणं, हा योग यायला क्रेडिट कार्डच हवं.

बिलाची शेवटची तारीख १० होती. मी ६ तारखेलाच नेफ्टने सगळी रक्कम भरली. पैसे गेल्याचा मेसेज लगेच आला (पैसे कापल्याचा मेसेज कधी उशिरा येत नाही). पुढच्या स्टेटमेंटमध्ये मात्र भरणा १७ तारखेचा! खाली लेट फी, शिवाय व्याज आणि त्या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. बिनव्याजी मुदत हुकली की महिन्याभराच्या एकेका खरेदीवर व्याज चढतं. त्यामुळे आणल्या संध्याकाळीच फस्त झालेली पाव किलो बाकरवडी अजून व्याज खात बसली होती.

वास्तविक नेफ्टचा नियम साधा आहे. पैसे खात्यात जमा करता आले नाहीत, तर बॅच संपल्यापासून दोन तासांत परत पाठवायचे. माझे पैसे जमाही नव्हते आणि परतही आले नव्हते. मग ते अकरा दिवस होते कुठे?

"सर, सिस्टीममध्ये सतरा तारीख दाखवतंय," फोनवरची मुलगी म्हणाली.

"पण मी सहालाच भरलेत."

"हो सर, पण सिस्टीममध्ये सतरा दाखवतंय."

मी त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर वाचून दाखवायला घेतला. सोळा अक्षरं-आकड्यांचा तो ऐवज. मी म्हटलं, "पी फॉर पंढरपूर." तिकडून दुरुस्ती आली, "पी फॉर पॅरिस." पॅरिस तर पॅरिस. मग बराच वेळ संगीत वाजलं आणि ती एकदम उजळलेल्या आवाजात परतली, "सर, तुमचा रेकॉर्ड चांगला आहे म्हणून खास बाब म्हणून आम्ही लेट फी आणि व्याज माफ करतोय!"

"मिळाले ना पैसे? सोडा आता," बायको म्हणाली. आमच्या अण्णांना मात्र ते पटेना. त्यांची हयात पोस्टाच्या बचत काउंटरवर गेली. रोज सकाळी शिक्क्यातली तारीख बदलायची, आधी रद्दी कागदावर एक ठसा मारून बघायचा आणि मगच खिडकी उघडायची. "पैसे ज्या दिवशी आले त्या दिवसाचा शिक्का," ते म्हणाले. "माफ करतो म्हणजे काय? चूक तुझी होती, असंच लिहून ठेवलंय त्यांनी."

अण्णांचं खरं ठरलं. फ्लॅटच्या कर्जासाठी दुसऱ्या बँकेत गेलो, तेव्हा तिथल्या साहेबांनी माझा क्रेडिट रिपोर्ट उघडला. हा रिपोर्ट प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनी वर्षातून एकदा फुकट देते. वाढदिवसाला केक कापण्यापेक्षा तो काढून बघावा, असं माझं मत झालंय. त्यात महिन्यागणिक एक चौकोन असतो आणि भरणा किती दिवस थकला ते त्यात लिहितात. माझ्या ओळीत ०००, ०००, ००० आणि मधेच एप्रिलमध्ये ००७. साहेबांनी नेमकं तिथेच पेनाचं टोक टेकवलं आणि सुतकाला भेटायला आल्यासारख्या आवाजात विचारलं, "एप्रिलमध्ये काही अडचण होती का?"

लेट फी परत आली होती, जेम्स बाँड गेला नव्हता.

मग तक्रार केली. क्रेडिट माहिती कंपनी म्हणाली, आम्ही स्वतः काही बदलू शकत नाही, बँकेला विचारतो. कायदाच तसा आहे. तक्रार ३० दिवसांत निकाली काढायची आणि त्यातले २१ बँकेचे. बँकेने आपल्याच सिस्टीमला विचारलं, सिस्टीमने सतरा सांगितलं आणि उत्तर आलं, "माहिती तपासली, बरोबर आहे." आरोपीनेच पंचनामा करावा आणि त्यावर सहीही त्यानेच करावी, इतकी सुटसुटीत व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

शेवटी माझ्या बचत खात्याच्या बँकेकडून, पैसे ६ तारखेलाच तिकडे पोचल्याचं पत्र घेतलं. ते नोडल अधिकाऱ्याला पाठवलं आणि खाली, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असं नम्रपणे लिहिलं. लोकपाल हा शब्द वाचल्यावर सिस्टीमला सगळं आठवलं. पैसे उचंत खात्यात पडून होते. कारण? 'तांत्रिक'. एप्रिलचा चौकोन ००० झाला. तो अण्णांनी चष्मा पुसून दोनदा पाहिला.

एवढ्यावर मी थांबलोही असतो. पण तक्रार ३० दिवसांपलीकडे रेंगाळली, तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आणि निकालानंतर कामाच्या पाच दिवसांत ती खात्यात जमा करायची, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ते पाच दिवस उलटले, तसा मी फोन लावला.

"सर, आमच्या सिस्टीममध्ये भरपाई दिल्याचं दाखवतंय."

"यूटीआर नंबर सांगा," मी म्हटलं. वही-पेन घेऊन बसलोच होतो.

पलीकडे संगीत सुरू झालं.