कोतूळला किती?

पावसाळ्यात नगर जिल्ह्यात माणसं एकमेकांची खुशाली नंतर विचारतात, आधी विचारतात, "कोतूळला किती?" कोतूळ हे अकोले तालुक्यातलं मुळाकाठचं गाव. हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात कोसळलेला पाऊस इथून राहुरीच्या मुळा धरणाकडे निघतो. म्हणून कोतूळचा क्युसेकचा आकडा खाली राहुरी-नेवाशात आजारी नातेवाइकाच्या तापासारखा विचारला जातो. 2024 मध्ये जिल्हा अहिल्यानगर झाला, पण प्रश्न काही बदलला नाही.

आता गंमत अशी, की क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हा वेग झाला; पाणी नव्हे. शेतकऱ्याला वेगाशी काय करायचंय? त्याला हवेत दलघफू, म्हणजे दशलक्ष घनफूट. 26 हजार दलघफूच्या धरणात आज किती भर पडली, आणि उन्हाळ्यात आवर्तन मिळणार की नाही, एवढंच. वेगावरून साठा काढणं हा बारावीच्या संकलनाचा धडा. आमच्याकडे तो टपरीवर सुटतो, कागदाशिवाय.

समजा, सकाळी सहाला 2,000 क्युसेक. दुपारी बाराला 5,000, संध्याकाळी सहाला 8,000 आणि मध्यरात्री 11,000. मधल्या वेळात काय झालं, ते नदीलाच ठाऊक. टपरीवरचे अण्णा जपून बोलणारे. ते प्रत्येक सहा तासांना सुरुवातीचा आकडा लावतात आणि 324 दलघफू सांगतात. समोरचे भाऊ शेवटचा आकडा धरतात. त्यांचे होतात 518. "एवढं तर आलंच असंल," अण्णा म्हणतात. "एवढं तरी येऊ द्या की," भाऊ म्हणतात. नदी सतत चढतीच असेल तर खरं पाणी या दोघांच्या मध्ये कुठेतरी असतं, हे जर्मनीच्या रीमान यांच्या नावाने चालणाऱ्या बेरजांचं म्हणणं. अण्णांनी रीमानचं नाव ऐकलेलं नाही, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही.

दोघांत फरक 194 दलघफूंचा. हा फरक काढायला मधले आकडे लागतच नाहीत, हे मला फार आवडतं. शेवटच्या वेगातून पहिला वजा करा, नऊ हजार. त्याला एका टप्प्याच्या वेळेने गुणा. दर तासाला नोंद घेतली, तर हाच फरक 32 दलघफूंवर येतो. म्हणजे भांडण मिटवायला शहाणपण लागत नाही, रात्री उठून मोजपट्टी बघणारा माणूस लागतो.

पण "सतत चढती" ही अट नाजूक आहे. संध्याकाळी सहा आणि मध्यरात्र यांच्यामध्ये डोंगरात ढग फुटला, लोंढा येऊन ओसरूनही गेला, तर खरा आकडा भाऊंच्याही वर जाऊ शकतो आणि "दोघांच्या मध्ये" हे खोटं ठरतं. पूर उतरायला लागला की आणखी मजा. अण्णा सवयीने सुरुवातीचाच आकडा लावतात, तो आता मोठा असतो. भाऊंचा शेवटचा, तो लहान. कोणीही स्वभाव न बदलता आशावादी आणि निराशावादी यांची अदलाबदल होते.

खरा पेच मात्र पुढे, पैठणच्या जायकवाडी धरणापाशी. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं समन्यायी वाटपाचं सूत्र. नगर दरवाज्यातून सुटलेलं पाणी मोजतं, पैठण नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पोहोचलेलं. मधलं अंतर नदीचं कोरडं पात्र पितं. त्याला वहनव्यय म्हणतात. इथे तासाला सोडा, मिनिटाला नोंद घेतली तरी दोन आकडे जवळ येत नाहीत. रीमान इथे हात टेकतील.

तरी सरकारी कागद ठाम असतो. 2023 च्या ऑक्टोबरअखेर नगर-नाशिकच्या धरणांतून सोडायचं पाणी ठरलं 8.603 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. मी त्या शेवटच्या 3 कडे बराच वेळ बघत बसलो. तीन दलघफू, तीस लाख घनफूट! एरवी 11,574 क्युसेक दिवसभर चालले की एक टीएमसी होतो. त्या धारेने हा 3 सव्वाचार मिनिटांत वाहून जातो. तेवढ्यात गेटवरचा माणूस तंबाखूसुद्धा धड मळत नाही.