वाडा, वायफाय आणि निदानशास्त्र

अहिल्यानगरच्या, म्हणजे जिल्ह्यातील लोक बोलताना अजूनही ज्याला नुसते नगर म्हणतात त्या शहराच्या, जुन्या वाड्यांत स्मार्ट टीव्ही घरच्या वायफायला जोडला न जाणे ही घटना तांत्रिक असली तरी तिच्या निदानाची पद्धत मुख्यतः कौटुंबिक असते, त्यामुळे अभ्यासकाने राउटरच्या आधी घरातील मानपानाचा क्रम समजून घेतलेला बरा. पहिले मत आजोबांचे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाल्यानंतरची काही वर्षे गच्चीवर अँटेना फिरवण्यात गेलेल्या या पिढीच्या मते चित्राचा कोणताही दोष वरच असतो, आणि म्हणून कुणीतरी वर जाऊन हात लावून येणे आवश्यक ठरते. दुसरे मत केबलवाल्याचे, जे फोनवरच मिळते आणि ‘आमच्याकडून ओके आहे’ एवढेच असते. तिसरे पुण्यात शिकणाऱ्या भाच्याचे असून तेच बहुधा बरोबर निघते, पण तो वयाने लहान असल्याने ते शेवटी ऐकले जाते.

भाचा सांगतो, ‘मामा, रिमोटने बंद करू नका, प्लग काढा.’ यामागे कारण आहे. रिमोटने टीव्ही बंद होत नाही, तो फक्त झोपतो, आणि झोपेत बिघडलेली जुनी जोडणी तशीच धरून ठेवतो. प्लग काढून थोडा वेळ थांबले की तो नव्याने सुरू होतो व राउटरकडे पुन्हा पत्ता मागतो. पत्ता म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, अर्थात राउटरने प्रत्येक उपकरणाला ठरावीक मुदतीसाठी दिलेला क्रमांक.

तरीही जोडणी झाली नाही तर विचार भिंतीचा करावा लागतो. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंगाने पाडलेले खिंडार चांदबिबीने रातोरात बुजवून घेतले, अशी ख्याती असलेल्या या शहरातील भिंतींना बाहेरून येणाऱ्याला थोपवण्याची सवयच आहे, आणि दगडमातीच्या जाड भिंती वायफायच्या लहरींनाही त्याच निष्ठेने अडवतात. वायफाय प्रामुख्याने दोन पट्ट्यांत चालते: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला अब्जावधी कंपने. पाचचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारा. दोन-पॉइंट-चारचा संथ, पण चिवट. राउटर ओसरीवर, कारण तार तेथूनच आत येते, आणि टीव्ही माजघरात, कारण माणसे तेथे बसतात. शिवाय पुष्कळ स्वस्त टीव्हींना पाचचा पट्टा दिसतच नाही, त्यामुळे मोबाइलवर ठळक दिसणारे नाव टीव्हीच्या यादीत नसते आणि दोष विनाकारण टीव्हीच्या कंपनीवर येतो.

याहून फसवा प्रकार घड्याळाचा. वीज गेल्यानंतर टीव्हीची तारीख कधी कधी काही वर्षे मागे जाते, आणि संकेतस्थळांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रे तारीख पाहूनच तपासली जात असल्याने, टीव्ही ‘वायफाय जोडले आहे, इंटरनेट नाही’ असे सांगतो. सेटिंगमध्ये तारीख दुरुस्त केली की काम होते. हा उपाय इतका सोपा असल्यामुळेच कुणालाही पटत नाही.

पासवर्डाचा टप्पा मात्र सर्वांत दीर्घ. याच जिल्ह्यातील शनिशिंगणापुरात घरांना दारे व कुलुपे न लावण्याची प्रथा आहे आणि २०११ साली युको बँकेने तेथे कुलूपविरहित म्हणून शाखा उघडली, परंतु नगरच्या वाड्यातील वायफायला पासवर्ड असतोच. तो बहुधा जोडणी करायला आलेल्या मुलाने स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून ठेवलेला असतो आणि घरात कुणालाही माहीत नसतो. मिळाल्यावर तो रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत टाकावा लागतो, ज्यात कॅपिटल अक्षरावरून दोन पिढ्यांत वाद होतो. अखेर भाचा व्हिडिओ कॉलवरून राउटरच्या पानावरील जोडलेल्या उपकरणांची यादी उघडायला लावतो, तेव्हा त्या यादीत शेजारच्या घरातला टीव्ही कित्येक महिन्यांपासून सुखाने जोडलेला आढळतो.