तेलपारखी काकाजी

अमरावतीच्या लग्नात भजं तोंडात टाकण्याआधी हुंगणारा माणूस दिसला, तर ते आमचे काकाजी समजावे. बँकेतून निवृत्त होईपर्यंत फोडणी कशाची असते, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मग लेकीनं स्पेनला नेलं. हाएनकडच्या ऑलिव्हच्या बागेत एका बाईनं निळ्या काचेच्या पेल्यात तेल दिलं. पेला निळा अशासाठी, की रंग पाहून भुलू नये. तो तळहातात उबवायचा, हुंगायचा, मग हवेसकट फुर्रकन घोट ओढायचा. घशात ठसका लागला की तेल अस्सल. काकाजींना सणसणीत ठसका लागला, आणि त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

ऑलिव्ह इथंच लावायचा बेत होता. राजस्थाननं 2008 मध्ये इस्रायलच्या मदतीनं लावलेच की! पण आपल्या काळ्या, पाणी धरणाऱ्या मातीत त्या झाडाची मुळं कुजतील, असं कोणीतरी सांगितलं. काकाजी रात्रीतून स्वदेशी झाले.

फेब्रुवारीत त्यांनी आम्हाला दर्यापूरकडे करडी दाखवायला नेलं. खोल सोटमूळ जमिनीतली ओल कशी शोषतं, हे सांगत भर अकराला ते पिकात शिरले आणि धोतरासकट अडकले. बांधावरची बाई म्हणाली, "काकाजी, करडीत सकायीच घुसा लागते. दव असते तोवर काटे नरम रायतात." धोतर सोडवताना काकाजींनी तिला हाएनची तोडणी समजावली: झाडाखाली जाळी पसरायची, फांद्या हलवायच्या. तिनं ऐकून घेतलं. वऱ्हाडात पाहुण्याचं ऐकूनच घेतात.

तिथून अकोला. या गावाचा खरा मान सरकीच्या ढेपेला. तिचे वायदे अकोल्याच्या नावानं होतात. काकाजींना ढेपेत रस नाही. लाकडी घाण्यावर जवसाचं तेल निघत होतं. त्यांनी पिशवीतून निळा पेला काढला, उबवला, हुंगला, फुर्र केलं. ठसका नाही. पुन्हा फुर्र. नाहीच.

"ठसका पायजे असन त राईचं पिऊन पाहा," घाणेवाला म्हणाला.

"अ‍ॅसिडिटी किती आहे? तिकडं अव्वल तेलात 0.8 टक्क्याच्या वर चालत नाही."

"मले? लय हाये. रातच्याले छाती जयते."

काकाजींनी तरीही पाच लिटर घेतलं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3, म्हणून ते हृदयाला चांगलं आणि म्हणूनच लवकर खवट होतं. यातला पहिला अर्धा भाग काकाजींनी वाचला होता. उरलेला काकूंच्या नाकानं शोधला. त्या बोलल्या काही नाहीत. जवसाचं तेल लाकडावर छान वाळतं, हे त्यांना माहेरापासून ठाऊक; सागवानी झोपाळ्याला दोन हात दिले.

झोपाळा आता लखलखतो. त्यावर बसून काकाजी मेळघाटात मोहाच्या टोळंबीचं तेल चाखायला कोण कोण येणार, याची यादी करताहेत. मला न विचारता माझं नाव पहिलं घातलंय.