जुने दिवस, सायंकाळी सहा ते आठ

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज पहाटे साडेपाचला 1971 साल उजाडतं. मजकूर पाठवणारे तेव्हा चौथी-पाचवीत होते. डिसेंबरात युद्ध जिंकलं, पुढच्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ पडला. पण मजकुरावरून पाहावं तर या काळात देशात गोट्या, विटीदांडू आणि शेजारधर्म याखेरीज काही चालू नव्हतं.

हे सगळं गिरगावातल्या 22 मजली टॉवरमधून लिहिलं जातं. या जागी पूर्वी चाळ होती. ती पाडायच्या संमतिपत्रावर यातल्या प्रत्येकाने पहिल्याच बैठकीत सही ठोकली, आणि आता लिफ्टमध्ये रेंज जाते तेवढा वेळ सोडला तर सगळे चाळीसाठी हळहळत असतात. ‘आम्ही मातीत लोळलो, कसल्या लशी नि कसलं काय, तरी ठणठणीत,’ असं परवा एकाने लिहिलं. त्याच्या दंडावर देवीच्या लशीचा चांगला ठसठशीत वण आहे. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण 1975 सालचा. त्याआधी देवीने ज्यांना नेलं, ते ग्रुपवर नाहीत.

अध्यक्षांनी ठराव मांडला, की येत्या 16 डिसेंबरला अख्खा दिवस तेव्हासारखा जगायचा. मी चार ओळी खरडतो, म्हणून कार्यक्रमपत्रिका माझ्या गळ्यात पडली. मी ती इमानेइतबारे केली.

पहाटे चारला टाकीचा व्हॉल्व बंद. आवारात एक नळ, साडेपाचपर्यंत. लिफ्ट दिवसभर बंद. मजल्यावर एक संडास उघडा, बाकीच्यांना कुलूप, घरटी एक टमरेल. (‘हे आठवणींत घ्यायलाच हवं का?’ अध्यक्षांनी विचारलं.) दुधाच्या केंद्रावर बाटल्यांची रांग, स्वतः उभं राहायचं नसेल तर नंबराला दगड ठेवावा. रॉकेलची रांग वेगळी. मोबाइल सगळ्यांनी दुसऱ्या मजल्यावर एका घरी जमा करायचे. फोन आला की त्यांचा मुलगा गॅलरीतून हाक मारील, आणि हा त्यांचा नंबर आपल्या कार्डावर ‘पी.पी.’ लिहून छापावा. पत्र टाकायचं तर निर्वासितांच्या मदतीसाठी पाच पैशांचं जादा तिकीट. रेडिओ ऐकायला परवाना. रात्री भोंगा झाला की ब्लॅकआउट. समुद्राकडच्या काचेच्या भिंतींना काळा कागद लावायचा खर्च ऐकून खजिनदार खाली बसले.

जेवणाला रेशनचा मिलो. बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी घशाखाली उतरत नसे, लोक शिव्या घालत खात. खजिनदारांनी मात्र तत्परतेने चौकशी केली. ज्वारी आता ‘मिलेट’ झाली आहे, ग्लुटेन-फ्री म्हणून पाकिटातून येते आणि तेवढ्या पैशांत बासमती मिळतो. दुष्काळ परवडणार नाही, असा त्यांनी अहवाल दिला.

पत्रिका पुरुष मंडळींनी फॉरवर्ड केली, वाचली बायकांनी. एकोणिसाव्या मजल्यावरच्या काकू बैठकीला आल्या. त्याही शेजारच्याच चाळीतल्या, अध्यक्षांच्याच वयाच्या. म्हणाल्या, ‘‘यातलं काही बदलू नका, भाऊ. फक्त तुम्ही गोट्या खेळत होतात तेव्हा मी हंडा घेऊन रांगेत उभी होते. या वेळी आपण जागा बदलू.’’ मग दुसऱ्या एकींनी स्टोव्हचं काढलं: पंप मारणं, पिन करणं, भडका उडाला की मागे सरणं. तिसऱ्या म्हणाल्या, तांदळातले खडे. सव्वीस माणसांच्या ‘एकोप्या’ची पोस्ट ज्यांनी टाकली होती, त्यांच्या मातोश्री आज अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. त्या एकोप्याच्या पोळ्या त्याच लाटत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘मला त्या दिवशी लेकीकडे सोडा.’’

चाळीची आठवण सगळ्यांना एकसारखी येत नाही. गॅलरीत उभ्याने आलेली वेगळी, मोरीत बसून आलेली वेगळी. पोस्टी बहुतेक गॅलरीतून येतात.

आमचा वॉचमन मराठवाड्यातला. बहात्तरला त्याची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि मिळालेली सुकडी पोरांसाठी पदरात बांधून आणायची. त्या वर्षाच्या गोष्टी घरी निघतात का, मी विचारलं. ‘‘कशाला काढायच्या, साहेब?’’ तो म्हणाला आणि गाडीसाठी गेट उघडायला गेला. त्याला ग्रुपवर घेतलेलं नाही.

सुधारित पत्रिका काल लागली. ‘जुने दिवस’ आता सायंकाळी सहा ते आठ, क्लब हाउसमध्ये, एसी चालू ठेवून. ब्लॅकआउट दोन मिनिटांचा, तोही जनरेटरवाला हजर असेल तर. मिलोऐवजी केटररच्या ज्वारीच्या टार्ट्स. हंडे सेल्फीसाठी मांडून ठेवणार. टमरेल वगळलं आहे. माणशी 850 रुपये.

काकूंचा मान राखून पाणी भरण्याचं प्रात्यक्षिक मात्र ठेवलं आहे: खालच्या नळापासून क्लब हाउसपर्यंत, जिन्याने, फक्त पुरुषांसाठी. ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. नावं नोंदवायची यादी लिफ्टशेजारी चिकटवली आहे. तिच्यावर अजून एकच नाव आहे, वॉचमनचं. अक्षर अध्यक्षांचं आहे.