चार बोटं बांध

प्रत्येक मराठी घराण्यातला एक पूर्वज पानिपतावर होता. आमचाही होता. तो तिथे नेमकं काय करत होता, हे कोणी विचारू नये. इतरांचे काय करत होते, हे मीही कधी विचारलेलं नाही. सगळ्यांचं खरं धरलं तर 14 जानेवारी 1761 रोजी आपल्या बाजूला एवढी गर्दी झाली असती की अब्दालीने लांबून धुरळा बघूनच घोडा माघारी वळवला असता.

लेकीला दुसरीत 'माझे कुटुंब' असा तक्ता करायचा होता. बाईंना आई-बाबा आणि आजी-आजोबा एवढेच पुरणार होते. पण एवढ्यावर भागवलं तर मी कसला बाप! "आपलं घराणं मोठं आहे, चार्ट पेपर दोन आणू," असं सांगून मी मोकळा झालो. आपल्याकडे तलवारही होती, पण ती चुलत घराण्याकडे गेली आणि त्यांनी ती मोडीत घातली, हेही सांगितलं. तलवार नेहमी चुलत घराण्याकडेच जाते. त्यांना विचारलं तर ते आपल्याकडे बोट दाखवतात.

सुरुवात आईपासून केली. ती म्हणाली, "श्राद्धाला घेतात तेवढी नावं मला ठाऊक. बाप, आजा, पणजा. पिंड तिघांनाच. त्यापुढचे काही जेवायला येत नाहीत, मग नावं ठेवून करायचंय काय?"

पुढचे शोधायला मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी गेलो. तहसील कचेरीत गाव नमुना 14 असतो, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. तिथे अर्ज करायचा आणि नक्कल मिळेपर्यंत बाकावर बसायचं. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या वह्यांना आणि त्या वाचणाऱ्यांना फार चांगले दिवस आले आहेत. कारण जुनी पानं मोडीत. आधी पानभर आडव्या रेघा ओढायच्या, मग एकेका रेघेला अक्षरं टांगत सुटायचं. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही आणि शक्यतो हात उचलायचा नाही. मला ते पान अगदी घराण्याला शोभेलसं वाटलं. त्यात काहीही लिहिलेलं असू शकत होतं.

मोडी वाचणारे गृहस्थ मात्र कोरडे निघाले. "सरदार शोधताय?" त्यांनी चष्मा पुसत विचारलं. "सगळे तेच शोधायला येतात. हे बघा, माणूस कागदावर येतो तो तीन वाटांनी. जन्मला, मेला, नाहीतर भांडला. सरळ वागला त्याचा कागद होत नाही."

हे मला नंतर फार पटलं. पुण्याच्या पुरालेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेत. त्यांत वंशावळीही मिळतात, पण त्या कोणी हौसेने काढलेल्या नसतात. पाटीलकी कोणाची, कुलकर्ण कोणाचं, यावरून भाऊबंद सरकारात गेले की आपण मूळ पुरुषाचे कोण लागतो हे दाखवावं लागे. म्हणजे वंशवृक्षाला खतपाणी घालतं ते भांडण. ज्या घरात भाऊ-भाऊ गुण्यागोविंदाने नांदले, त्या घराला इतिहास नाही.

आमच्या घराला आहे. घरच्या ट्रंकेतले चार कागद मी सोबत नेले होते. गृहस्थांनी त्यातला एक उजेडाकडे धरला आणि वाचला. माझ्या पणज्याने भावकीवर केलेला तो तक्रार अर्ज होता. सदरहू इसमाने आमचा बांध चार बोटे कोरला.

इथे बांधाविषयी बोलायलाच हवं. बांध कोरणं ही साधना आहे. एकदम फूटभर कोरतो तो नवशिका. त्याच दिवशी कुऱ्हाडी निघतात. जाणता माणूस नांगरताना शेवटचं तास बांधाला असं लागून घेतो की पाहणाऱ्याला वाटावं, बैल चुकला. उरलेलं काम पाऊस करतो. ट्रॅक्टर आल्यापासून या कलेतला नाजूकपणा गेला. बैलावर ढकलता यायचं, तसं ट्रॅक्टरवर ढकलता येत नाही. आता हिशोब बघा. शंभर मीटर लांबीचा बांध चार बोटं कोरला तर मिळतात सात-साडेसात चौरस मीटर. गुंठा असतो 101 चौरस मीटरचा. म्हणजे एक गुंठा कमवायला चौदा वर्षं निष्ठेने कोरावं लागतं, आणि पलीकडचा तेवढ्याच निष्ठेने अलीकडे कोरत असतो. जमीन कोणाचीच वाढत नाही, बांध तेवढा झिजतो. ज्यावरून बैलगाडी जायची त्याच्यावर उभं राहून आता शिव्या द्यायच्या तरी आधी तोल सांभाळावा लागतो. मग मोजणी. पैसे भरा, तारीख घ्या. भूमी अभिलेखचा माणूस येतो, खुणा दाखवतो, चहा होतो, सह्या होतात. फक्त ज्याची सही हवी तो नेमका पाहुण्यांकडे गेलेला असतो. आणि पुढच्या पेरणीपर्यंत हद्दीचा दगड आपण होऊन चार पावलं चालतो. सात-बाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. भांडणाचं माप अजून बोटंच आहे.

पानिपत सोडून चार बोटांवर आलेला पणजा पाहून मला हसू आवरेना. लेकीला काय सांगायचं? त्याने शत्रूला चार बोटं मागे रेटलं?

गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी नक्कल उलगडली. साल 1918, महिना ऑक्टोबर. म्हातारी माणसं जिला मानमोडी म्हणत ती इन्फ्लुएंझाची साथ. एरवी गावचे वर्षाचे मृत्यू थोडक्यात आटपत, त्या महिन्याची पानंच संपेनात. मृत्यूचं कारण ताप. खाली ताप. त्याखालीही ताप. मधे माझ्या पणज्याचं नाव दोनदा आलं. एकदा बायकोपुढे, आणि आठवड्याच्या आत पुन्हा मुलीपुढे. वय वर्षे 3. मुलीच्या नावावर पाण्याचा डाग होता. माझे आजोबा त्यानंतर केलेल्या बायकोचे. म्हणजे साथ आली म्हणून आम्ही आहोत, आणि घरात हे कोणी कधी बोललं नव्हतं.

बांधाचा अर्ज त्यानंतरच्या वर्षातला निघाला. आठवड्यात घर रिकामं झालेला माणूस चार बोटं तरी का सोडेल? मी कागद घडी घालून परत ठेवला. पुढचं कोणी शोधायला सांगितलं नाही, मीही नाही.

लेकीला सगळं सांगितलं. पानिपतात तिला रस नव्हता. "ती मुलगी माझी कोण?" तिने विचारलं. मी बोटांवर मोजून सांगितलं, "तुझ्या पणजोबांची मोठी बहीण."

"माझ्याहून लहान आणि पणजोबांची मोठी बहीण!" ती बराच वेळ हसत होती. मग तिने तिला तक्त्यावर घेतलं, नाव नाही म्हणून दोन वेण्या काढून.

तक्त्यात तिने स्वतःच एक रकाना वाढवला होता, 'काय केले'. खापरपणजोबांपुढे 'बांध वाचवला'. पणजोबांपुढे 'शाळा बांधायला दगड वाहिले', हे आईने पुरवलेलं. माझ्यापुढे काय असेल म्हणून मी जरा छाती काढूनच वाकलो. लिहिलं होतं, 'बाबा खालच्या काकांशी स्कूटरवरून भांडतो.'

मी खोडरबर घेतला होता हातात. पण सोसायटीच्या फायलीत माझा सविस्तर अर्ज पडून आहे, आकृतीसकट, आणि शंभर वर्षांनी कोणी शोधायला आलं तर मी त्यांना तिथेच सापडणार. खोडून काय होतंय? मी फक्त तिला नोंद दुरुस्त करायला लावली. स्कूटर नाही, स्कूटरचं पुढचं चाक. आणि तेही पिवळ्या पट्टीच्या अलीकडे चांगली चार बोटं.