पावती जपली, उतारा कोणी पाहिला?

अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांमध्ये मेहकरचं नाव आहे. कोणत्या महालाकडून किती दाम महसूल, हेही त्यात मांडून ठेवलंय. चारशेहून जास्त वर्षं झाली, आजही कोणीही पुस्तक उघडून पाहावं. आता त्याच मेहकर तालुक्यातल्या डोणगावात या आणि चहाच्या कोणत्याही टपरीवर एवढंच विचारा, की भाऊ, ग्रामपंचायतीत तुमच्या घराची नोंद काय आहे? जागा किती, बांधकामाचं वर्ष कोणतं, मालक म्हणून नाव कोणाचं? अकबराच्या खजिन्याचा हिशेब लागेल, पण या तीन प्रश्नांना मिळून एकच उत्तर येईल: ‘पावती आहे ना घरी.’

पावतीला आपल्याकडे फार मान. प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्ड, जुन्या लग्नपत्रिका आणि बुडालेल्या पतसंस्थेच्या पासबुकाशेजारी ती निवांत पडलेली असते. पूर आला तर माणूस आधी ती पिशवी काढेल, मग बाज. पण पावती म्हणजे नमुना १०. पैसे गेले, एवढंच ती सांगते. किती द्यायचे हे नमुना ९ मध्ये असतं, आणि का द्यायचे हे नमुना ८ मध्ये. ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे असे एक ते तेहतीस नमुने आहेत. तेहतिसावा झाडांच्या नोंदीचा आहे, म्हणजे नियमाप्रमाणे शाळेसमोरच्या निंबालासुद्धा दप्तरात जागा आहे. तुमच्या घराला तर आहेच. फक्त ते दप्तर आपण मरेपर्यंत पाहत नाही, आणि मेल्यावर वारसांना ते सापडत नाही.

बरं, पाहायचं ठरवलं तरी पहिली ठेच आठ या आकड्यालाच लागते. ग्रामपंचायतीचा घराचा उतारा म्हणजे नमुना ८. तलाठ्याकडचा शेतीचा खातेउतारा म्हणजे गाव नमुना आठ-अ. लोकांनी दोन्हींना ‘आठ-अ’ करून टाकलंय. परिणामी आमच्या भागातल्या एका कार्यालयात हा संवाद ऐकायला मिळतो:

‘साहेब, आठ-अ पाह्यजे.’

‘शेताचा का घराचा?’

‘बँकेनं मांगतला.’

‘बँकेनं कोणता मांगतला?’

‘आठ-अ.’

इथून माणूस दुसऱ्या कार्यालयात जातो आणि तिथे हाच संवाद पहिल्यापासून सुरू होतो. सरकारला हा घोळ ठाऊक असावा, कारण २०२४ मध्ये त्यावर इलाज झाला. ग्रामसेवकाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं आणि तलाठ्याचं ‘ग्राम महसूल अधिकारी’. आधी निदान दोघांची नावं तरी ऐकायला वेगळी होती.

समृद्धी महामार्गाला जमिनी गेल्या तेव्हा याच तालुक्यानं सातबारा कसा घडाघडा वाचला, ते आठवा. गट नंबर, पोटहिस्सा, इतर हक्कातली कोण्या काळची सोसायटीची नोंद, आत्याबाईचं राहून गेलेलं नाव, सगळं लोकांना रात्रीतून कळायला लागलं. मोबदल्याचा आकडा दिसला की निरक्षरालाही महसुली मराठी येते. नमुना ८ मधून आपल्याकडे पैसा येत नाही, आपल्याकडून जातो. म्हणून तो वाचायचा उत्साह नाही. खरं तर पैसा जातो तोच कागद आधी वाचायला हवा, पण हे सांगणारा माणूस गावात चिकट समजला जातो.

तर वाचूया. नमुना ८ आडवा लांबलचक असतो. मालमत्ता क्रमांक, मालकाचं नाव, भोगवटादाराचं नाव, मालमत्तेचं वर्णन, बांधकामाचं वर्ष, क्षेत्रफळ, जमिनीचा आणि बांधकामाचा दर, घसारा, वापराचा भारांक, भांडवली मूल्य, कराचा दर, आणि शेवटी घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणी. पावतीवर आपण फक्त हे शेपूट पाहतो. डोकं डावीकडे आहे.

क्षेत्रफळाचा रकाना घ्या. तो फुटातही असतो आणि मीटरमध्येही. तीस बाय वीसचं घर ६०० चौरस फूट, म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. भरणाऱ्यानं घाईत ६०० हा आकडा मीटरच्या रकान्यात टाकला, की चार खोल्यांचं घर कागदावर मंगल कार्यालय होतं आणि हिशेब पावणेअकरा पट फुगतो. एवढा फुगला तर निदान लक्षात तरी येतं. ओसरी धरून मोजलं की सोडून, पाडलेला गोठा अजून उभा आहे का, असल्या बारीक चुका मात्र वर्षानुवर्षं बिनबोभाट भरल्या जातात.

मग बांधकामाचं वर्ष. बहात्तरच्या दुष्काळाच्या वेळचं धाब्याचं घर, ज्याच्या माळवदावर दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, त्याच्यापुढे कोणीतरी मोजणीचंच साल लिहून मोकळं झालं, तर कागदावर ते घर कोरं करकरीत. घसारा नाही. भिंतीला उंदरांनी बिळं केलीत, पण हिशेबात वास्तुशांत कालच झाली. वापराच्या रकान्यात ‘निवासी’ की ‘वाणिज्य’ हे तसंच. पुढच्या खोलीत दोन वर्षं किराणा होता, उधारीनं बुडाला, शटर गंजलं. दुकानाचा भारांक मात्र अजून तेजीत.

पूर्वी ग्रामपंचायतीचा कर क्षेत्रफळावर बसायचा. ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनी तो भांडवली मूल्यावर आणला. सोपं करून सांगायचं तर जागेची किंमत अधिक घसारा वजा जाऊन उरलेली बांधकामाची किंमत, त्याला वापराचा भारांक, आणि जे येईल त्यावर दर हजारी काही पैसे. समजा मूल्य पाच लाख निघालं आणि दर हजारी एक रुपया असला, तर घरपट्टी ५०० रुपये. एवढंच गणित आहे. चौथीतलं पोर करेल. पण गणितातले आकडे येतात कुठून, हे त्या पोराच्या बापानं विचारलेलं नसतं. (मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. आमच्याकडचं ३०० फुटांचं मातीचं घर भरतंय. मुंबईकरांचं घर लहान, म्हणून माफ. आमचं गाव लहान, म्हणून मागणी.)

न्यू जर्सीला स्थायिक झालेला कोणाचा तरी भाचा दिवाळीत गावी येतो आणि सांगतो, की तिकडे शेजाऱ्याच्या घराचं मूल्यांकन आणि टॅक्स कोणीही बसल्या जागी पाहू शकतं. ऐकणारे अवाक होतात. टॅक्स पाहता येतो याचं आश्चर्य नसतं, शेजाऱ्याचा पाहता येतो याचं असतं. इथेही ‘महा ई-ग्राम सिटिझन कनेक्ट’ नावाचं अ‍ॅप आहे. पण अ‍ॅपमध्ये तेच दिसणार जे वहीत आहे. वहीत ‘कै.’ लागायचं राहून गेलं असेल, तर फोनवरही आजोबा हयात.

उतारा मिळणं तसं कठीण नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली नमुना ८ चा उतारा ही अधिसूचित सेवा आहे: पाच दिवस, वीस रुपये. नाही मिळाला तर वर अपील आहे. शिवाय दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, यादी लागते, हरकती मागवल्या जातात, आकारणी पटली नाही तर पंचायत समितीकडे जाता येतं. हे सगळं पुस्तकात आहे. प्रत्यक्षात यादी लागते त्या फलकावर, ज्याच्या काचेमागे अजून मागल्या निवडणुकीची मतदान केंद्रं टांगलेली आहेत. दवंडी पिटली जाते दुपारी, गाव शेतात असताना. हरकती येत नाहीत. मग ‘एकही हरकत प्राप्त झाली नाही’ असं लिहून आकारणी कायम होते, आणि पुढची चार वर्षं तेच गाव पारावर बसून हरकती घेतं.

नाव बदलायचं म्हटलं तर आणखी मजा. खरेदीखत असो की वारस, नमुना ८ ला नवं नाव लागायचं तर विषय मासिक सभेत जातो, ठराव होतो. म्हणजे बापाच्या घराला मुलाचं नाव लागावं की नाही, यावर सूचक हवा आणि अनुमोदक हवा. तुम्ही मागच्या निवडणुकीत कोणत्या पॅनलचा गमछा घातला होता, हे नियमात कुठेही विचारलेलं नाही. सभेत तेवढंच आठवतं. ‘घर दोघांचं’ म्हणून पत्नीचंही नाव लावण्याचा शासन निर्णय २००३ चा आहे. पोरगी झाली तेव्हा निघालेला निर्णय, आता तिचं लग्न होऊन तिच्या सासरच्या उताऱ्यावरही एकट्या जावयाचंच नाव.

या दप्तराला जाग येते ती ग्रामपंचायत निवडणुकीत. अर्जासोबत येणे बाकी नसल्याचा दाखला लागतो, म्हणून दहा-दहा वर्षांची थकबाकी एका दुपारी रोखीत भरली जाते. ज्यांनी आयुष्यात दिवाबत्ती कर दिला नाही ते भावी सदस्य रांगेत उभे राहून सुट्टे पैसे मागतात. आणि खरा अभ्यास निकालानंतर सुरू होतो, हरलेल्या पॅनलचा. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये तरतूद आहे: मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर सदस्यपद जाऊ शकतं. मग नमुना ८, ९, १० तिन्ही काढले जातात, तारखा जुळवल्या जातात, बिल कोणाच्या हातात दिलं त्याची सही भिंगातून पाहिली जाते. करदप्तराचं इतकं बारीक वाचन लेखापरीक्षकही करत नाहीत. द्वेषानं का होईना, गाव साक्षर होतं.

या सगळ्यात ग्यानबाची मेख वेगळीच आहे. नमुना ८ हा मालकीचा पुरावा नाही. तो कर वसुलीसाठी आहे, हे न्यायालयांनी कित्येकदा सांगितलंय. काही उताऱ्यांच्या तळाशी तसा शिक्काही असतो. आणि तरी घरकुलाला तोच लागतो, विजेच्या मीटरला तोच, भावकीच्या भांडणात पंचांपुढे पहिल्यांदा तोच फडकतो. ज्याला पुरावा म्हणायचं नाही, त्याच्याशिवाय पान हलत नाही.

त्यात आली स्वामित्व योजना. सोनोरी, तालुका पुरंदर इथे महाराष्ट्रानं गावठाणावर ड्रोन उडवून आधीच पाहिलं होतं. २४ एप्रिल २०२० ला देशभराची योजना जाहीर झाली. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी देशात ६५ लाख मालमत्ता कार्डं वाटली गेली. ड्रोनला वरून दिसावं म्हणून लोकांना आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारायला सांगतात. सरकारी कामात गावानंच आधी चुना लावल्याचा हा पहिलाच प्रसंग असावा. कल्पना उत्तम आहे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, बँक दारात उभं करत नाही, त्याला एकदाचा मिळकत पत्रिकेचा कागद मिळेल.

पण ड्रोनला छप्पर दिसतं. छपराखालचा माणूस कोण, हे त्याला वरून कळत नाही. ते भूमी अभिलेखची चौकशी ठरवते, आणि चौकशीला बसताना समोर पहिली वही येते ती ग्रामपंचायतीची, नमुना ८. म्हणजे जी वही मालकी सांगत नाही असं साठ वर्षं बजावलं, तिच्यातलंच नाव मालकीच्या कागदाकडे निघालंय. मालक आणि भोगवटादार हे रकाने कोणी, कधी, कोणाच्या सांगण्यावरून भरले, धाकट्या भावाचं नाव ‘नंतर टाकू’ म्हणून कोणत्या साली राहिलं, विधवा काकूच्या खोलीपुढे पुतण्या मालक कसा झाला, हे विचारायची ही वेळ होती. चौकशीची नोटीस आली तेव्हा गाव सोंगणीला गेलं होतं. सनद वाटपाचा फोटो मात्र सगळ्यांच्या स्टेटसला आहे.

ज्यांच्या वहीत नावं बदललीच नाहीत, त्यांची वेगळी तऱ्हा. राष्ट्रीय लोकअदालत जवळ आली की थकीत घरपट्टीच्या नोटिसा निघतात. ज्याचं नाव उताऱ्यावर, त्याच्या नावे. आमच्या पट्ट्यातल्या एका गावात अशीच एक नोटीस अशा गृहस्थांना आली, ज्यांच्या तेरवीचं जेवून उठलेल्या पंगतीतले निम्मे लोकही आता उरले नाहीत. अमुक तारखेला समक्ष हजर राहावे, न राहिल्यास पुढील कारवाई करण्यात येईल. नातवानं कागद उलटापालटा करून पाहिला आणि शिपायाला विचारलं, ‘बुढ्याचं नाव आहे हो याच्यावर. मी कायले घेऊ?’

शिपायानं वही पुढे केली. ‘नाव बुढ्याचंच राहू दे. पैसे तुलेच भरा लागतीन. कर सही.’